नागिणीची गोळी आणि किडनी टिकवणारी गोळी, दोन्हींच्या मागे एकच बाई होती

शिराळा म्हटलं की लोकांना पहिल्यांदा नाग आठवतात. बत्तीस शिराळा, नागपंचमी, पूर्वी निघणाऱ्या जिवंत नागांच्या मिरवणुका, नंतर आलेले कोर्टाचे आदेश. तो विषय मोठा आहे, त्याच्यावर परत कधीतरी बोलू. आजचा विषय नागाचा नाही, नागिणीचा आहे. अंगावर उठते ती नागीण.

आमच्या आत्याचं सासर शिराळा तालुक्यात, वारणेकाठी. तिला बऱ्याच वर्षांपूर्वी किडनी बसवली, आजीची. तेव्हापासून रोज ठरलेल्या वेळी गोळ्या. मागच्या वर्षी तिच्या डाव्या बरगडीखाली आग व्हायला लागली आणि दोन दिवसांत पाठीपासून पोटापर्यंत पट्टा धरून पाण्याचे फोड आले. ज्याने पाहिलं त्याने एकच सांगितलं, नागीण आहे. मग पुढचं ठरलेलं असतं. कुणी गेरू लावायला सांगितलं, कुणी मंत्र टाकणाऱ्याचा पत्ता दिला. आणि एक गोष्ट तर येणाऱ्या प्रत्येकाने बजावली, नागिणीची दोन तोंडं एकमेकांना मिळता कामा नयेत, मिळाली की माणूस गेला.

तर आधी हे तोंडांचं प्रकरण मिटवू. लहानपणी कांजिण्या येऊन जातात. पुरळ जातं, पण विषाणू जात नाही. तो मणक्याशेजारी मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात तिथे जाऊन झोपतो, तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं. वय झालं किंवा प्रतिकारशक्ती ढिली पडली की त्यातल्या एखाद्या मज्जातंतूवरून तो कातडीवर उतरतो. प्रत्येक मज्जातंतूचा कातडीवरचा पट्टा ठरलेला असतो, डाव्याचा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे. म्हणून फोडांची रांग पाठीच्या कण्यापासून निघते आणि पोटाच्या मध्यावर येऊन थांबते. दोन तोंडं मिळत नाहीत त्याचं कारण मंत्र नाही, ही वायरिंग आहे. पण ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे किंवा आजारामुळे दबलेली असते, त्यांच्यात हा विषाणू पट्टा सोडून अंगभर, कधी फुप्फुसात, कधी मेंदूतही पसरू शकतो. थोडक्यात, गावची भीती अगदीच हवेतली नाही. फक्त ती चुकीच्या जागी आहे.

आत्याला कराडला नेलं, औषध वेळेत सुरू झालं, तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. सगळे निवांत झाले. आणि दोन महिन्यांनी त्याच पट्ट्यावर, अगदी त्याच डागांवर, लालसर टणक गाठी उठल्या. पाणी नाही, फारसं दुखणं नाही, खाज मात्र भरपूर. गावाने निकाल देऊन टाकला, नागीण परत आली, आत विष राहिलं होतं. आत्याने डब्यात उरलेल्या नागिणीच्या गोळ्या घेतल्या. काडीचा फरक पडला नाही. एका शहाण्याने तर किडनीच्या गोळ्या गरम पडतात, त्या काही दिवस बंद करा, असाही सल्ला दिला.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांनी एका गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि सांगितलं की ही नागीण नाही, नागिणीनंतर शरीराने स्वतः केलेला दाह आहे. आणि किडनीची गोळी बंद करायचा विचार डोक्यात आणला तर बसवलेली किडनी जाईल, हे जरा मोठ्या आवाजात सांगितलं.

त्या दिवशी आत्याच्या औषधांच्या डब्यातल्या दोन पट्ट्या हातात घेऊन आम्ही नावं शोधत बसलो. किडनी टिकवणारी होती ॲझाथायोप्रिन. नागिणीची होती ॲसायक्लोव्हिर. एक गोळी प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून नागिणीला वाट मिळते. दुसरी त्या नागिणीला अडवते. आणि दोन्हींच्या इतिहासात एकच नाव निघालं, गर्ट्रूड एलियन.

नाव वाचून परग्रहावरचा प्राणी आठवला असेल तर हरकत नाही, आम्हालाही तोच आठवला.

गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये, २३ जानेवारी १९१८ ला. वडील रॉबर्ट लहानपणी लिथुआनियातून अमेरिकेत आलेले, शिकून दातांचे डॉक्टर झालेले. आई बर्था आजच्या पोलंडच्या भागातून आलेली. गर्ट्रूडला जवळचे लोक ट्रूडी म्हणायचे. घर खाऊन-पिऊन सुखी होतं, पण १९२९ ला शेअर बाजार कोसळला आणि वडिलांचा पैसा बुडाला. पोरगी हुशार, पण कॉलेजची फी भरायची कुठून, असा प्रश्न उभा राहिला.

त्यातच तिचे आजोबा पोटाच्या कॅन्सरने गेले. तिचा त्यांच्यावर फार जीव होता. पंधरा वर्षांच्या पोरीने आपल्या माणसाला झिजत जाताना पाहिलं आणि ठरवलं की या आजारावर काहीतरी करायचं. त्यासाठी तिने विषय निवडला रसायनशास्त्र. न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजमध्ये मुलींना फुकट शिक्षण होतं, मार्क तेवढे लागायचे. मार्क होते. १९३७ ला, एकोणिसाव्या वर्षी, ती पहिल्या फळीत पास झाली.

आता पुढे संशोधन करायचं तर विद्यापीठाचा भत्ता मिळायला हवा. तिने अर्जांवर अर्ज केले. सगळीकडून नकार. मंदीचे दिवस होते हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. एका ठिकाणी मुलाखत चांगली झाली आणि नंतर कळवलं गेलं की आमच्या प्रयोगशाळेत आजवर बाई नव्हती, तुमच्यामुळे बाकीच्यांचं कामावरून लक्ष उडेल. पोरीने मग टायपिंग-शॉर्टहँड शिकवणाऱ्या सेक्रेटरीच्या शाळेत नाव घातलं. सहा आठवडे काढले. नर्सिंगच्या मुलींना तीन महिने बायोकेमिस्ट्री शिकवली. एका रसायनतज्ज्ञाच्या लॅबमध्ये तर ती आधी फुकट राबली, नुसतं काम शिकायला मिळावं म्हणून. साठवलेल्या पैशांतून न्यूयॉर्क विद्यापीठात एमएससीला प्रवेश घेतला. दिवसा शाळेत मुलांना शिकवायचं, रात्री आणि शनिवार-रविवारी प्रयोग. १९४१ ला डिग्री मिळाली. वर्गात मुलगी म्हणून ती एकटीच होती.

त्याच वर्षी तिचं लग्न ठरलेलं होतं, लिओनार्ड नावाच्या मुलाशी. त्याच्या हृदयाच्या झडपेला जंतूंचा संसर्ग झाला आणि तो गेला. पुढे दोन-तीन वर्षांतच पेनिसिलिन मिळायला लागलं, ज्याने हाच आजार बरा होतो. औषध थोडं आधी यायला हवं होतं, एवढाच त्या मृत्यूचा हिशोब. तिने नंतर लग्न केलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू झालं, पुरुष सैन्यात गेले आणि लॅबमधल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. ज्या दारांवर इतकी वर्षं ती टकटक करत होती ती आता जराशी उघडली. पहिली नोकरी होती खाद्यपदार्थांच्या कंपनीत. काम काय, तर लोणच्याचा आंबटपणा मोजणं आणि मेयोनीजचा रंग बरोबर आलाय का ते बघणं. कॅन्सरचं औषध शोधायला निघालेली पोरगी लोणच्याच्या बरण्या तपासत होती. तिथे शिकण्यासारखं संपल्यावर ती बाहेर पडली.

१९४४ मध्ये तिच्या वडिलांच्या दवाखान्यात एका कंपनीचं वेदनाशामक गोळ्यांचं सॅम्पल आलं होतं. बरोज वेलकम हे कंपनीचं नाव. वडील म्हणाले, यांच्याकडे संशोधन चालतं का विचार तरी. तिने विचारलं आणि तिला जॉर्ज हिचिंग्ज नावाच्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली नोकरी लागली. इथून पुढे आपणही तिला एलियन बाई म्हणूया, मान द्यायची वेळ झाली.

हिचिंग्जच्या डोक्यात एक कल्पना होती. तोवर औषधं बहुतेक योगायोगाने किंवा हजार गोष्टी करून बघत सापडायची. हिचिंग्ज म्हणत होते की उलटीकडून जाऊ. जंतू असो नाहीतर कॅन्सरची पेशी, वाढायचं म्हणजे तिला डीएनए बनवायला लागतो. डीएनए बनतो ठरावीक रासायनिक विटांपासून. मग आपण हुबेहूब दिसणारी पण खोटी वीट बनवली, आणि पेशीने ती उचलून भिंतीत बसवली तर? बांधकाम तिथेच ठप्प. गंमत म्हणजे डीएनएची रचना नेमकी कशी असते हेसुद्धा तेव्हा कळलेलं नव्हतं, ते कळलं १९५३ ला. एलियन बाईंच्या वाट्याला आल्या प्युरिन जातीच्या विटा. 

पीएचडी करायची म्हणून त्या दिवसभर काम करून संध्याकाळी ब्रुकलिन पॉलिटेक्निकला जायच्या. दोन वर्षं हे चाललं. मग तिथल्या डीनने सांगितलं की नोकरी सोडा आणि पूर्णवेळ या, नाहीतर तुम्ही गंभीर नाही असं आम्ही समजू. बाईंनी पीएचडी सोडली.

नोकरीत राहिल्या म्हणून पुढचं सगळं घडलं. १९५० च्या आसपास त्यांनी शंभरावर संयुगं बनवून तपासली आणि त्यातून ६-मर्कॅप्टोप्युरिन निघालं. तेव्हा ब्लड कॅन्सर झालेली बहुतेक मुलं तीन-चार महिन्यांत जायची. या औषधाने काही मुलं पूर्ण बरी दिसायला लागायची, खेळायला लागायची. १९५३ ला अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पण आजार उलटायचा आणि ती मुलं जायची. बाईंना याचा फार त्रास व्हायचा. पुढे इतर औषधांच्या जोडीने तेच औषध वापरलं गेलं आणि आज या प्रकारच्या कॅन्सरमधली बहुसंख्य मुलं बरी होतात. ६-मर्कॅप्टोप्युरिन आजही त्या उपचारात आहे.

आता आत्याची पहिली गोळी. १९५८ ला बोस्टनच्या रॉबर्ट श्वार्ट्झ या डॉक्टरने सशांना ६-मर्कॅप्टोप्युरिन देऊन पाहिलं, तर सशांची प्रतिकारशक्ती थंड पडली. ही बातमी किडनी बसवू पाहणाऱ्या सर्जन लोकांसाठी सोन्यासारखी होती. कारण तोवर किडनी जुळ्या भावाची असेल तरच खात्रीने टिकायची, बाकीच्यांची शरीर फेकून द्यायचं. इंग्लंडच्या रॉय काल्न या तरुण सर्जनने कुत्र्यांवर प्रयोग केले. एलियन बाईंनी त्याला त्याच औषधाचं सुधारलेलं भावंड दिलं, ॲझाथायोप्रिन. लॉलीपॉप नावाची एक कुत्री दुसऱ्या कुत्र्याच्या किडनीवर कित्येक महिने मजेत जगली. १९६२ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी नात्यातल्या नसलेल्या, मृत व्यक्तीची किडनी ॲझाथायोप्रिनच्या आधाराने माणसाला बसवली आणि ती वर्षाहून जास्त चालली. पुढची वीस वर्षं जगभर ॲझाथायोप्रिन आणि स्टेरॉईड हीच मुख्य जोडी होती. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ ला किडनी प्रत्यारोपण यशस्वी झालं, तेही याच काळात.

पण पहारेकऱ्याला गुंगीचं औषध दिलं की घरात पाहुण्याबरोबर चोरही शिरतो. किडनी टिकायला लागली तशी प्रत्यारोपणाच्या पेशंटमध्ये, कॅन्सरच्या पेशंटमध्ये झोपलेले विषाणू जागे व्हायला लागले. नागीण त्यातली मोठी. आणि विषाणूवर औषध होऊच शकत नाही, अशी तेव्हाच्या बहुतेक तज्ज्ञांची समजूत होती. विषाणू आपल्याच पेशीत घुसून आपल्याच यंत्रसामग्रीवर वाढतो, त्याला मारायचं तर पेशीही मरणार.

एलियन बाईंना एक जुनी नोंद आठवत होती. १९४८ च्या सुमारास त्यांच्या एका संयुगाने विषाणूवर थोडा परिणाम दाखवला होता, पण ते विषारी होतं म्हणून बाजूला ठेवलं होतं. वीस वर्षांनी, १९६८ ला, त्यांनी तो धागा परत उचलला. मधल्या काळात त्या विभागप्रमुख झाल्या होत्या. १९७० ला कंपनी नॉर्थ कॅरोलिनाला हलली, बाईही गेल्या. तिथे हॉवर्ड शेफर या सहकाऱ्याच्या गटाने १९७४ ला ॲसायक्लोव्हिर बनवलं आणि ते नेमकं चालतं कसं हे बाईंच्या गटाने शोधून काढलं. म्हणजे हे औषध एकट्या बाईंचं नाही, हे इथे सांगितलंच पाहिजे. त्यांनी स्वतःही ते कधी एकट्याचं म्हटलं नाही. चार वर्षं हे काम बाहेर कुणाला कळू दिलं नाही. १९७८ ला जाहीर केलं तेव्हा तज्ज्ञ चाट पडले.

ते चालतं कसं, हे सांगलीच्या माणसाला समजवणं सोपं आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला ट्रॉलीमागे ट्रॉली जोडतात. विषाणूचा डीएनए असाच एकामागे एक जोडत लांब होतो. ॲसायक्लोव्हिर म्हणजे मागची कडीच नसलेली ट्रॉली. ती एकदा जोडली गेली की तिच्यामागे पुढची जोडता येत नाही, गाडी तिथेच थांबली. मग आपल्या निरोगी पेशींची गाडी का थांबत नाही? कारण ही ट्रॉली कुलूपबंद असते आणि तिचं कुलूप उघडायची किल्ली विषाणूकडे असते. विषाणूचं स्वतःचं एक एन्झाइम औषधाला कामाला लावतं. जिथे विषाणू नाही तिथे औषध जवळजवळ स्वस्थ बसतं.

१९८२ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली. १९८३ ला छापलेल्या एका अभ्यासात दिसलं की प्रतिकारशक्ती कमी झालेल्या पेशंटना हे औषध शिरेतून दिलं तर नागीण अंगभर पसरायची थांबते. गोळी आली, नंतर तिची जास्त शोषली जाणारी भावंडंही आली. आजही नियम तोच आहे, फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केलं तर जास्तीत जास्त फायदा. गेरूत गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत.

१९८३ लाच बाई निवृत्त झाल्या, म्हणजे कागदोपत्री. त्यांनी घडवलेल्या गटाने पुढे एझेडटी हे एड्सवरचं पहिलं मान्य औषध उभं केलं, १९८७ ला. सांगली जिल्हा एकेकाळी राज्यात एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांत मोजला जायचा. त्या काळात तरुण माणसाला नागीण झाली की डॉक्टर एचआयव्हीची तपासणी करायला सांगायचे, आणि आजही सांगतात.

१७ ऑक्टोबर १९८८ ला पहाटे त्या तोंड धूत होत्या आणि एका पत्रकाराचा फोन आला की तुम्हाला नोबेल मिळालंय. त्यांना वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. वैद्यकशास्त्राचं नोबेल, हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत. पीएचडी नसलेल्या बाईंना. ब्रुकलिन पॉलिटेक्निकने १९८९ ला त्यांना मानद डॉक्टरेट दिली, ती हीच संस्था जिथल्या डीनला त्या गंभीर वाटल्या नव्हत्या.

मग आत्याच्या अंगावरच्या गाठींचं काय? तिथे ॲसायक्लोव्हिर हरलं का? तर नाही, कारण तिथे लढायला विषाणूच नव्हता. १९९५ ला रॉनी वुल्फ या त्वचारोगतज्ज्ञाने आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला नाव दिलं, आयसोटोपिक रिस्पॉन्स. एक आजार बरा झालेल्या नेमक्या जागी वेगळाच, त्याच्याशी संबंध नसलेला आजार उठणं. बहुतेक वेळा पहिला आजार नागीणच असते. दुसरा काहीही असू शकतो. आत्यासारख्या दाहाच्या गाठी, ज्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. लायकेन प्लॅनस. सोरायसिस. दुसऱ्याचा बोनमॅरो बसवलेल्या पेशंटमध्ये दात्याच्या पेशींनी कातडीवर केलेला हल्लाही कधी नेमका नागिणीच्याच पट्ट्यावर दिसतो. हे फोड सुकल्यावर काही आठवड्यांत होऊ शकतं, काही वर्षांनीही. 

असं का होतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. नव्या गाठींत कधीकधी विषाणूचा डीएनए सापडतो, जुन्या गाठींत सहसा सापडत नाही. म्हणून एक अंदाज असा की विषाणू मेला तरी त्याची उरलेली प्रथिनं बघून शरीर चवताळतं. दुसरा अंदाज असा की नागिणीने त्या पट्ट्यातले बारीक मज्जातंतू जाळलेले असतात, आणि मज्जातंतू आणि प्रतिकारशक्ती यांचं बोलणं तिथे कायमचं बिघडतं. दबलेली प्रतिकारशक्ती असतानाही दाह होतो तो कसा, हा प्रश्न आम्हीही विचारला होता. उत्तर असं मिळालं की दाबलेली म्हणजे बंद केलेली नव्हे. ती बिघडलेल्या तराजूसारखी असते, एका बाजूला कमी दाखवते, दुसऱ्या बाजूला जास्त.

आणि तुकडा काढून तपासणं का गरजेचं? कारण ब्लड कॅन्सरच्या पेशंटमध्ये त्या जुन्या पट्ट्यावर कॅन्सरच्याच पेशी जमा झाल्याचंही आढळलंय. वरून बघून फरक कळत नाही. नुसता दाह असेल तर स्टेरॉईडचं मलम किंवा गाठीत इंजेक्शन देतात, बऱ्याच गाठी आपोआपही बसतात. नागिणीची गोळी परत परत खाऊन त्या जात नाहीत. आणि हो, नागिणीची लस आता आहे. जिवंत विषाणू नसलेली लस २०२३ पासून भारतात मिळते, ती दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या लोकांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते. महाग आहे.

एलियन बाई शेवटपर्यंत तरुण मुलांना शिकवत राहिल्या, ऑपेराच्या प्रयोगांना जात राहिल्या. नावावर ४५ पेटंट होती. किडनीवर जगणारे, नागिणीतून उठलेले लोक त्यांना पत्रं लिहायचे. २१ फेब्रुवारी १९९९ ला त्या गेल्या.

आत्याच्या गाठी मलमाने चार-पाच महिन्यांत बसल्या. पट्टा अजून तपकिरी दिसतो, थंडीत तिथे जरा चुरचुरतं. नागिणीच्या उरलेल्या गोळ्या तिने डब्यातून काढून टाकल्या. किडनीची गोळी रात्रीच्या जेवणानंतर चालू आहे.